बाजार समितीच्या भिंतीपलीकडे भात आणि तिखट

वाघाडीकाठ | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, हा धागा काढू की नको यात चार दिवस गेले. मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

नाशकात पेठ रोडच्या एका वस्तीत मी आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते. तिसरी-चौथीची पोरं. आईवडील बहुतेक पेठ, सुरगाणा, हरसूलकडचे. सकाळी सातला पेठ फाट्यावर नाहीतर निमाणीजवळ कामाच्या नाक्यावर उभे राहतात. सेंट्रिंग, खोदकाम, हंगामात द्राक्षबागा. मागच्या गुरुवारी आहाराचा पाठ होता. म्हटलं, पाठ उघडण्याआधी काल रात्रीचं ताट वहीत काढा. तेरा मुलं होती. तेराही ताटांत भात. पाच जणांनी डाळ रंगवली, आणि पिवळा रंग किती फिका द्यायचा यावर दोघांत वाद झाला, कारण डाळ फार पातळ होती. भाजी चौघांच्या ताटात, त्यातल्या तिघांची बटाट्याची. बाकीच्यांनी भाताशेजारी लाल ठिपका काढला होता. हे काय, विचारलं तर म्हणाले, "तिखट." म्हणजे मिरची, मीठ, लसूण. एका मुलीच्या ताटात मात्र हिरवागार पालक होता. मला बरं वाटलं. तर ती म्हणाली, "बाई, हा काल नव्हता. पुस्तकात आहे म्हणून काढला."

तिथून दिंडोरी रोडची बाजार समिती चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. वर्ग सुटल्यावर मी त्याच वाटेने घरी जाते. त्या संध्याकाळी मेथी, शेपू, कोथिंबिरीचे लिलाव चालू होते, मुंबईच्या गाड्या भरत होत्या. मेथीचा शेकडा सातशेला गेला, माझ्यासमोर. म्हणजे जुडी सात रुपयांना. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापूर रोडला बहिणीकडे गेले तेव्हा तीच जुडी पंचवीसला होती.

नाशिक म्हणजे मुंबईची परसबाग, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या परसबागेत खुडणी करणाऱ्या, जुड्या बांधणाऱ्या हातांच्या घरात भाजी का शिजत नाही? ही मुलं उपाशी झोपत नाहीत, पोट भरतं त्यांचं. पण वर्गात बसल्या बसल्या डोळे मिटतात, तोंडाचे कोपरे फाटलेले असतात, जखम लवकर भरत नाही.

वर्गणी काढायला हा धागा नाही. नेमकं कुठे अडतं ते मला समजून घ्यायचं आहे. ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा.


सातपूरकर | मंगळवार, रात्री ११:१२

वाचून गलबललो. एक शंका आहे. रेशनचं धान्य आता पूर्ण फुकट आहे ना? मग ताटात नुसता भातच का? आणि ज्यांना तेही मिळत नाही, त्यांना का मिळत नाही? आमच्या चुंचाळ्याच्या घरकुलांत तर निम्म्या लोकांकडे केशरी कार्ड आहे, तरी धान्य नाही म्हणतात.


जुना_पुरवठावाला | बुधवार, सकाळी ७:०५

सातपूरकर, तुमच्या दोन्ही शंका एकाच गाठीच्या आहेत. माझी सगळी नोकरी या कामात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात दोनच गट. अंत्योदय, म्हणजे कुटुंबाला महिन्याला ३५ किलो. आणि प्राधान्य कुटुंब, म्हणजे माणशी ५ किलो. पूर्वी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून मोफत झाला, आणि जानेवारी २०२४ पासून ते पाच वर्षांसाठी वाढवलं. कायद्याचं धान्य म्हणजे तांदूळ, गहू आणि भरडधान्य. डाळ नाही, तेल नाही, भाजीचा तर प्रश्नच नाही. कोरोनात २०२० साली काही महिने कुटुंबाला किलोभर डाळ-हरभरा मिळाला. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेलाचा आनंदाचा शिधा आला. ते सणापुरतं. तेव्हा ताटात भातच दिसणार, कारण सरकारकडून भरवशाने तेवढंच येतं.

आता केशरी कार्डाचं. कार्डाचे पिवळा, केशरी, पांढरा हे रंग १९९९ चे आहेत, कायदा त्यानंतर चौदा वर्षांनी आला. सगळी केशरी कार्डं प्राधान्य यादीत गेली नाहीत. केंद्राने प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरवून दिली. त्याला आम्ही इष्टांक म्हणतो. महाराष्ट्रात ग्रामीण भागात ७६.३२ टक्के लोक, शहरात ४५.३४ टक्के. तेही २०११ च्या जनगणनेवर. तेव्हा नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत शहर कुठल्या कुठे गेलं, हे तुम्ही डोळ्यांनी बघता. इष्टांक मात्र तोच. कोणी मयत झाला, कोणी यादीतून निघाला, तरच नव्याला जागा. अर्ज घेऊन आलेल्या बाईला "इष्टांक शिल्लक नाही" हे सांगताना जिभेवर काय ओझं यायचं ते मला माहीत आहे.

शिवाय उत्पन्नाची अट. शहरात वर्षाला ५९ हजार, गावात ४४ हजार. महिन्याचे पाच हजारही होत नाहीत, तेही सगळ्या कुटुंबाचे मिळून. नाक्यावरच्या माणसाला महिन्यात पंधराच दिवस काम लागलं आणि पाचशे रुपये रोज पडला, तरी वर्षाचे नव्वद हजार होतात. तो कागदावर गरीब राहत नाही.

पण वाघाडीकाठ, तुमच्या मुलांचे आईवडील गावचे असतील, तर त्यांचं कार्ड बहुधा पेठ-सुरगाण्यात चालू असेल. ते इथे चालतं. कुठल्याही रेशन दुकानात रेशन कार्डाचा बारा अंकी नंबर आणि आधार दाखवून अंगठा द्यायचा. वाटल्यास थोडं धान्य गावातल्या माणसांनी घ्यावं, थोडं इथे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात तर बिनधोक चालतं. किती जणांना हे माहीत आहे, ते विचारून बघा.


इंदिरानगरवासी | बुधवार, सकाळी ९:३०

मनापासून एक बोलतो, राग मानू नका. आमच्या सोसायटीच्या बाजूला मजुरांच्या झोपड्या आहेत. मुलांच्या हातात रोज पाच-दहाचे कुरकुरे, वेफर्स असतात. मोबाइलला रिचार्ज असतो. त्याच दहा रुपयांत भाजी येणार नाही का? गरिबी आहेच, पण सवयीचाही प्रश्न आहे असं मला वाटतं. आपण फक्त व्यवस्थेकडे बोट दाखवून चालेल का?


नागली | बुधवार, दुपारी १:४८

इंदिरानगरवासी दादा, राग मानत नाही, कारण तुम्ही सरळ विचारलंत. उत्तर सरळच देते. मी सुरगाणा तालुक्यातली. पाचवीत असताना आम्ही नाशकात आलो. आठ वर्षं पत्र्याच्या एका खोलीत काढली, मग नर्सिंगला लागले.

दहा रुपयांत भाजी येणार नाही का? नाही येत दादा. दहा रुपयांची मेथी कोणी देत नाही. जुडी घ्यावी लागते, ती वीसची. दहा रुपयांचं तेल पूर्वी दुकानदार सुटं द्यायचा, आता पुडा घ्या म्हणतो. कुरकुऱ्याचा पुडा मात्र पाचलाही मिळतो, दहालाही मिळतो, आणि वस्तीच्या तोंडाशी रात्री दहापर्यंत मिळतो. त्याला गॅस लागत नाही, तो नासत नाही, आणि पोर तासभर रडायचं थांबतं. माझी आई आम्हाला तो घेऊन द्यायची. तिला तो चांगला वाटायचा म्हणून नाही. ती नाक्यावरून काम न मिळता परत आलेली असायची आणि खिशात पंधरा रुपये असायचे.

चुलीचं तर कोणी बोलतच नाही. आमच्याकडे लहान सिलिंडर होता, तो किलोवर भरून आणायचा. सरकारी भावाच्या कितीतरी वर. तुरीची डाळ शिजवायची म्हणजे अर्धा-पाऊण तास ज्योत. भात पंधरा मिनिटांत होतो. म्हणून भात. रेशनचा गहू मिळाला तरी गिरणीचे पैसे, मग कणिक मळा, पोळ्या लाटा, आणि आई यायची रात्री आठला. म्हणून पुन्हा भात. फ्रीज नाही, उन्हाळ्यात पत्र्याखाली पालेभाजी सकाळपर्यंत पिवळी पडते. म्हणजे रोजची भाजी रोज, थोडी थोडी, महाग भावाने घ्यायची. तुम्ही आठवड्याची भाजी एकदम आणता ना, तुम्हाला ती माझ्या आईपेक्षा स्वस्त पडते.

आणि रिचार्ज. मुकादम फोन करून सांगतो उद्या कुठे यायचं. फोन बंद तर काम बंद.

सवयीचं म्हणाल तर गावाकडे आमच्याकडे पैसा नव्हता, पण परडं होतं. वेलावर दोडका, कुडाला वाल, शेवग्याचं झाड. पावसाळ्यात कुर्डू, फोडशी, चाईचा मोहर, करटोली. ओहोळातले खेकडे. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी. एवढ्या तऱ्हा खाणारी माणसं आम्ही, इथे येऊन भात-तिखटावर आलो. सवय मोडली ती इथे.

फार लिहिलं. पण त्या मुलीचा पालक वाचल्यापासून मला काही सुचत नव्हतं.


इंदिरानगरवासी | बुधवार, दुपारी ३:१०

नागली ताई, गॅस आणि भाताचा हा हिशेब मी आयुष्यात कधी मांडला नव्हता. माझं वाक्य मागे घेतो.


सेविकाताई | बुधवार, रात्री ९:२०

मी शहरातल्या एका अंगणवाडीत सेविका आहे. नागली ताईंनी जे लिहिलं त्याच्या पुढचं सांगते.

पेठ, सुरगाण्यात अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि बाळंतिणीला अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण, सात महिने ते सहा वर्षांच्या लेकरांना अंडी किंवा केळी. २०१५ पासून आहे. पण ती आदिवासी क्षेत्रासाठी. तीच बाई सहाव्या महिन्याचं पोट घेऊन पन्नास किलोमीटरवर नाशकात कामाला आली की ते जेवण मागे राहतं. इथे तिला घरी न्यायचा शिधा मिळतो, तोही तिने आमच्याकडे नाव नोंदवलं तर. नोंद करायला मी तयार असते, पोषण ट्रॅकरवर, म्हणजे आमच्या सरकारी ॲपवर, स्थलांतराची सोय आहे. पण बाई सातला नाक्यावर, मी केंद्र उघडते त्यानंतर. आता शिधा देताना चेहऱ्याचा फोटो जुळावा लागतो. ती स्वतः यायला हवी, म्हणजे तिचा रोज बुडतो.

तीन ते सहाच्या मुलांना गरम ताजा आहार असतो, पाचशे कॅलरी आणि बारा-पंधरा ग्रॅम प्रथिनं असं त्याचं माप आहे. जी पोरं येतात ती खातात. पण दोन वर्षांचं मूल नाक्यावर आईच्या कडेवर असतं, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीच्या. ती बहीण मग शाळेत नसते, म्हणजे शाळेची खिचडीही तिला नाही. एकीचं जेवण चुकलं की दोघींचं चुकतं.

आणि अंडी. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या आहारात आठवड्याला अंडं देण्याचा निर्णय झाला होता. माझ्या भाचीच्या शाळेत मुलं अंड्याच्या दिवशी एकही खाडा करत नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. लोकवर्गणीतून द्या म्हणाले. ज्या शाळेतल्या मुलांना अंड्याची सगळ्यात जास्त गरज, तिथले पालक वर्गणी कुठून देणार? या गोष्टीचं मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, ६८.९ टक्के लहान मुलांत रक्त कमी. मी हे आकडे वाचते तेव्हा माझ्या वजनकाट्यावरची पोरं डोळ्यांपुढे येतात.


द्राक्षबाग_दिंडोरी | गुरुवार, पहाटे ५:३५

शेकडा सातशे वाचून कोणाला वाटेल शेतकऱ्याची चांदी. जुडीला सात रुपये, त्यातून काढणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली. बियाणं-खत-औषध वेगळंच. मे २०२३ मध्ये टोमॅटोची वीस किलोची जाळी विकून गाडीभाडं निघेना, म्हणून लोकांनी माल रस्त्यावर ओतला. दोन महिन्यांत, जुलैत, तोच टोमॅटो शंभरीपार गेला. तेव्हा तुमच्या वस्तीतल्यांना तो परवडला नाही, आणि मे महिन्यात स्वस्त होता तेव्हा त्यांच्या दारापर्यंत गेला नाही. दोन्ही वेळा मधल्या रस्त्यातच राहिला.

माझ्या बागेत थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, पेठकडच्या बाया येतात. परत जाताना बांधावरची भाजी नेतात, मी कधी अडवलं नाही, माझे वडीलही अडवत नव्हते. पण त्या पंधरा-वीस दिवसांपुरत्या.

एक सांगतो. लिलावात नाकारलेला माल असतो. फ्लॉवरचा गड्डा जरा पिवळट, टोमॅटो बारीक, वांगं वाकडं. खायला काही खोट नाही. मुंबईच्या गाडीला तो परवडत नाही, परत न्यायला शेतकऱ्याला परवडत नाही. तो तिथेच टाकला जातो, जनावरं खातात. त्याचं काही करता आलं तर मी बाजारात येतो त्या दोन दिवशी द्यायला तयार आहे.


पालेभाजी | गुरुवार, सकाळी ११:०२

माझी आई तीस वर्षं भाजी विकते. बुधवारी गोदाघाटावर, बाकी दिवस हातगाडी. ती वस्तीत का जात नाही, हे मी तिला काल विचारलं. तिचं उत्तर जसंच्या तसं देते.

"जायचे गं पूर्वी. तिथं वाटा लावला तर जातो, जुडी जात नाही. दहाचा वाटा. पण निम्मी उधारी, आणि ती पण चांगली माणसं, पगार झाला की देतात, पण मला रात्रीच व्यापाऱ्याला पैसे द्यायचे असतात. मी कुठवर थांबू?"

सात रुपयांची जुडी पंचवीसला कशी होते हेही सांगते, कारण त्या पंचवीसमध्ये आमच्या घराचा किराणा आहे. आई शेकडा घेते, त्यातल्या दहा-बारा जुड्या आतून सडक्या निघतात. हमाली, रिक्षा. उन्हात पाणी मारत बसायचं. संध्याकाळी उरलेली दहाला द्यायची. आणि महापालिकेची गाडी आली की काटाच उचलून नेतात, तो सोडवायला दंड. २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही. आईला तो कायदा मी वाचून दाखवला आहे. काटा नेणाऱ्यांना कोण वाचून दाखवणार? आता सिंहस्थ तोंडावर आलाय, घाटावर बसणाऱ्या प्रत्येकीला पहिली काळजी जागेची आहे.

म्हणून विनंती, जो उपाय काढाल त्यात हातगाडीवालीला वगळू नका. वस्तीत फुकट भाजी आली की तिथला उरलासुरला दहाचा वाटा लावणाराही उठेल, आणि तुमचा उत्साह संपल्यावर काहीच उरणार नाही.


सातपूरकर | गुरुवार, दुपारी १२:३०

शिवभोजन थाळीबद्दल कोणी बोललं नाही. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. कोरोनात पाच रुपयांना होती, मग काही काळ फुकटही. मी स्वतः कंपनी बंद असताना जेवलोय. गरम असतं आणि कोणी नाव-गाव विचारत नाही. ज्याला नाक्यावर काम लागलं नाही, त्याला ती थाळी मोठा आधार आहे. पण थाळ्या मोजक्या, वेळ दुपारची. कामावर गेलेल्या माणसाला आणि घरच्या पोरांना ती पोहोचत नाही. केंद्रवाल्यांची बिलं थकल्याच्या बातम्याही येत असतात. एवढी चांगली गोष्ट रोडावू नये असं फार वाटतं.


चौरस_ताट | गुरुवार, रात्री १०:१५

आहारतज्ज्ञ आहे, नाशिकरोडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस, ३०० मिलि दूध आणि धान्य फक्त २५० ग्रॅम. चार जणांना दिवसाला सोळाशे ग्रॅम भाजी. चाळीस रुपये किलोने धरली तरी रोजचे चौसष्ट रुपये, नुसत्या भाजीचे. नागली ताईंच्या आईला हे सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

पण जिथे आहोत तिथून दोन पावलं टाकता येतात. मटकी भिजवून मोड आणली तर शिजायला थोडाच वेळ लागतो, गॅस वाचतो. त्या लाल ठेच्यात मूठभर शेंगदाण्याचं कूट गेलं तर तेच तिखट पोषक होतं. भातावर लिंबू पिळलं किंवा कच्चा टोमॅटो खाल्ला तर अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जातं. आणि रेशनच्या तांदळात काही वेगळे दिसणारे दाणे येत आले आहेत, शंभरात एखादा. "प्लॅस्टिकचा तांदूळ" म्हणून बायका निवडून फेकून देतात, धुताना वर तरंगले की ओतून देतात. त्या दाण्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असतं. हे कोणीतरी ओळखीच्या माणसाने सांगायला हवं, फलकाने पटत नाही.

नागली ताई, तुमच्या नागलीत तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम आहे. मुलांची हाडं त्यावरच पोसली होती.


वाघाडीकाठ | शुक्रवार, रात्री ९:५०

सगळं दोनदा वाचलं. आज वर्गानंतर सहा बायांशी बसून बोलले. सहापैकी पाच जणींची कार्डं गावाकडे चालू आहेत. इथे धान्य मिळतं हे एकीलाही माहीत नव्हतं. त्या महिन्यातून एकदा दीडशे-दोनशे रुपये एसटीला घालून तांदूळ आणायला जातात, किंवा सासूला तिथेच खाऊ देतात.

भाजीचं मी विचारलं, कधी आणि कितीची घ्याल? एकमताने उत्तर आलं, रात्री आठनंतर, वीस रुपयांची, आणि फुकट नको. एक जण म्हणाली, "फुकटचं म्हटलं की उरलंसुरलं देतात."

तर असं ठरतंय. पालेभाजी, तुमच्या आईला विचाराल का? आम्ही बावीस घरं आधी नावं देऊ. आठवड्यातून दोनदा, सोमवार आणि गुरुवार, त्यांनी संध्याकाळी लिलावातून आमच्यासाठी माल उचलायचा, रात्री आठला वस्तीच्या तोंडाशी वीस-वीसचे वाटे लावायचे. खप आधीच ठरलेला, म्हणजे सडण्याचा तोटा नाही. दिंडोरीच्या दादांचा बारीक टोमॅटो त्यांच्याचकडे जाऊ दे, त्याचे पैसेही त्याच ठरवतील. उधारीचं ओझं त्यांच्यावर नको. मी आणि बहीण मिळून दोन हजार रुपये एका डब्यात ठेवतो, ज्या दिवशी एखादीकडे वीस नसतील त्या दिवशी डब्यातून द्यायचे, जमेल तेव्हा तिने परत टाकायचे.


पालेभाजी | शनिवार, सकाळी ८:१५

आई हो म्हणाली. फक्त म्हणते वाटा बघून वीसचा ठरवू, भाव चढला की वाटा लहान होईल, तेव्हा कोणी तोंड वाकडं करायचं नाही.


वाघाडीकाठ | चार आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री १०:३०

धागा वर आणते आहे, कारण काय झालं ते सांगायला हवं.

भाजीचे आठ वार ठरले होते, सात झाले. एकदा धो धो पाऊस होता. बावीस घरांतली सतरा टिकली. तीन घरं काम संपून गावी गेली, दोघींनी सांगितलं की नवऱ्याला रात्री भाजी करत बसलेलं खपत नाही. त्यांना मी काही बोलू शकले नाही. दुसऱ्या आठवड्यात मेथीचा भाव एकदम चढला आणि वाट्यात तीन-चार काड्याच आल्या, तेव्हा मावशींनी, म्हणजे पालेभाजीच्या आईने, मेथी बाजूला ठेवून लाल भोपळा कापून वाटे लावले. तो सगळ्यात आधी संपला. भोपळा पत्र्याखालीही टिकतो, हे मला सुचलं नव्हतं. डब्यातून आतापर्यंत तीनशे ऐंशी रुपये गेले, दोनशे साठ परत आले. आज वस्तीतल्या नसलेल्या दोन बायाही वाटा घेऊन गेल्या, मावशी म्हणाल्या घेऊ दे, माझा गल्ला आहे.

रेशनचं अवघड गेलं. पाच कार्डांपैकी दोन चालली. त्यातल्या एकीला पहिल्या दोन दुकानांत "आमच्या कार्डवाल्यांनाच पुरत नाही" म्हणून परत पाठवलं. १९६७ वर तक्रार केल्यावर तिसऱ्या दुकानात अंगठा लागला आणि वीस किलो मिळालं. एकीचा अंगठाच उमटत नाही, सिमेंटने बोटं गुळगुळीत झाली आहेत. एकीच्या दोन मुलांची ई-केवायसी अडली आहे, कारण त्यांची आधार कार्डं ती पाच वर्षांची व्हायच्या आत काढलेली, बोटांचे ठसे घेतलेलेच नाहीत. पाचव्या बाईचं कार्ड चालू असलं तरी नुसतं केशरी आहे, प्राधान्य यादीत नाही. पुरवठावाले काका, तिचं ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदीचं) आहे. ई-श्रमवर नोंद असलेल्यांना इष्टांकाकडे न बघता रेशन कार्डं द्या असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये म्हटलं होतं ना, त्याचा आधार घेऊन अर्ज कसा लिहायचा ते सांगाल का? मंगळवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे, त्या दिवसाचा तिचा रोज बुडेल, म्हणून एकाच फेरीत सगळे कागद हवेत.

सेविकाताई, दोन गरोदर बाया आहेत. तुम्ही नाक्यावर सकाळी साडेसहाला येऊन नोंद करायची तयारी दाखवलीत ते त्यांना सांगितलं आहे. निमाणीच्या बाजूला उभ्या असतात, एकीची हिरवी ओढणी.


जुना_पुरवठावाला | गुरुवार, रात्री ११:०५

अर्ज मी लिहून देतो. मंगळवारी मीही येतो. कुटुंबातल्या सगळ्यांची आधार कार्डं, ई-श्रमचा नंबर, केशरी कार्डाच्या दोन झेरॉक्स आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला असेल तर तो. नसेल तर स्वयंघोषणापत्र करू. ज्या बाईचा अंगठा उमटत नाही तिलाही घेऊन या, डोळ्यांच्या स्कॅनची सोय असलेलं मशीन कोणत्या दुकानात चालू आहे ते मी सोमवारी फिरून बघून ठेवतो.


नागली | शुक्रवार, सकाळी ६:५०

रात्रपाळी संपवून वाचतेय. पुढच्या रविवारी गावाहून नागली येणार आहे, एक गोणी. मावशींना विचारा, वाट्यात ठेवतील का. दळून आणून देईन, म्हणजे गिरणीचा प्रश्न नाही. भाकरी थापायला त्या बायांना शिकवायला नको.